केळशी ते दाभोळ, सायकलवरून

आमच्या गावापासून अकरावी-बारावीचे कॉलेज सात किलोमीटरवर आहे. ऐकणाऱ्याला हे अंतर फार वाटत नाही. पण या सात किलोमीटरांनी आमच्या मोहल्ल्यातल्या किती मुलींचे शिक्षण दहावीवर थांबवले, ते आम्ही एका संध्याकाळी मोजायला बसलो, तेव्हा दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत. मुली हुशार नव्हत्या असे नाही. घरचे लोक शिक्षणाच्या विरोधात होते असेही नाही. सकाळची एस.टी. पावणेसातला जाते, कॉलेज साडेबाराला सुटते आणि परतीची गाडी अडीचला येते. मधले दोन तास मुलींनी कुठे बसायचे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. वडापची रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरते तेव्हा तिच्यात मुलीला बसवावेसे वाटत नाही. मुलगे मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून जातात. मुली घरी राहतात.

आम्ही म्हणजे चौघी. दोघी जावा, एक नणंद आणि नणंदेची यंदा दहावी झालेली मुलगी. दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचे घर आहे. घरचे पुरुष कुवेत आणि मस्कतमध्ये नोकरीला, दोन वर्षांतून एकदा येणारे. त्यामुळे घरातले निर्णय फोनवर होतात आणि त्यांची अंमलबजावणी आमच्याकडे असते. भाचीला पंच्याऐंशी टक्के मिळाले. तिला पुढे शिकायचे होते. घरातल्या पडवीत मोठ्या दिराच्या मुलाची सायकल धूळ खात पडली होती. ती तिने बाहेर काढली, पुसली आणि म्हणाली, "मी हिच्यावरून जाईन."

फोनवर कुवेतहून उत्तर आले, "त्या रस्त्यावरून चिऱ्याचे ट्रक जातात, माहीत आहे ना?" हा विरोध नव्हता, काळजी होती, आणि ती खरी होती. आमच्या भागात जांभ्या दगडाच्या खाणी आहेत. भरलेला ट्रक उतारावरून येतो तेव्हा अरुंद रस्त्यावर सायकलवाल्याला जायला जागाच उरत नाही. म्हणून आम्ही ठरवले की मुलीला पाठवायची की नाही हा वाद नंतर घालू, आधी रस्ता स्वतः चालवून पाहू. आमच्यापैकी दोघींना लहानपणी सायकल येत होती. एकीने शेहेचाळीसाव्या वर्षी शाळेच्या पटांगणात नव्याने शिकून घेतली. तालुक्याच्या गावातून दोन जुन्या लेडीज सायकली आणल्या, एक शेजारच्या खालाकडून मागून घेतली आणि चौथी पडवीतली.

सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणतो. लोक काय म्हणतील, असे त्या म्हणतील अशी आमची समजूत होती. त्यांनी विचारले ते भलतेच, "ओढणी चाकात अडकली तर?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. ओढणी किंवा बुरख्याचे टोक मागच्या चाकात गेले की माणूस जागच्या जागी आडवा होतो. म्हणून सायकलच्या दुकानदाराकडून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घेतली, साखळीवर पूर्ण झाकण घातले आणि ओढणीची टोके मागे गाठ मारून आत खोचायची असा नियम केला. गल्लीतल्या एक-दोन बुजुर्गांनी कुजबुज केली, ती अम्माच्या कानावर आली. त्या एवढेच म्हणाल्या, "आम्ही डोक्यावर नारळांची पाटी घेऊन बाजाराला चालत जायचो, तेव्हा कोणी विचारले नव्हते."

मग गेल्या हिवाळ्यात आम्ही सुरुवात केली. आधी कॉलेजचा रस्ता पाहिला आणि नंतर, पाय मोकळे झाल्यावर, मन भरेना म्हणून रविवारी रविवारी तालुक्याचा सगळा किनारा तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. केळशीपासून दाभोळपर्यंत साठ-सत्तर किलोमीटर. फजरची नमाज झाली की निघायचे आणि ऊन चढायच्या आत थांबायचे. सायकली पुढच्या गावी नेऊन ठेवायला ओळखीच्या टेम्पोवाल्याची मदत झाली. या रस्त्याने हल्ली पुण्या-मुंबईचे सायकलवाले मोठ्या संख्येने येतात, कारण मुंबई-गोवा महामार्गावरच्या अवजड वाहनांपेक्षा त्यांना हा किनारा बरा वाटतो. त्यांच्या सायकलींना गिअर असतात. आमच्या सायकलींना एकच चाल होती. म्हणून चढ आला की उतरायचे आणि ढकलत न्यायची. यात कमीपणा नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी एकमेकींना सांगून टाकले.

केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे. या दर्ग्याला शिवछत्रपतींच्या काळात इनाम मिळाले होते. दर्ग्याच्या आवारात पाणी मिळते, सावली मिळते, बसायला ओटा आहे. सायकलवरून निघालेल्या माणसाला याहून जास्त काय हवे? केळशी सोडली की डोंगर चढून आड्याला उतरावे लागते. हा चढ आम्ही निम्मा चालत काढला. उतारावर मात्र जपावे लागते. जुन्या सायकलींचे ब्रेक रिमला घासतात आणि सकाळच्या दवाने रिम ओली असेल तर ब्रेक उशिरा लागतो. म्हणून उताराच्या आधी थांबून ब्रेक दोन-चारदा दाबून रिम कोरडी करायची आणि मग सुटायचे, ही युक्ती टेम्पोवाल्याने शिकवली.

आडे, पाडले, आंजर्ले हा पट्टा सायकलसाठी आमच्या तालुक्यातला सर्वांत सुखाचा. समुद्र हाताशी, रस्ता सपाट, गाड्या कमी. पण सावली विरळ झाली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, त्यात या बाजूची सुरूची, नारळाची, आंब्याची झाडे हजारोंनी पडली. बागा लोकांनी हळूहळू पुन्हा लावल्या. रस्त्याकडेचे झाड कोणाच्याच मालकीचे नसते, त्यामुळे ते लावायला कोणी पुढे येत नाही. नऊ वाजता डोके तापायला लागते तेव्हा त्या झाडांची आठवण होते.

आंजर्ल्याची खाडी पुलावरून ओलांडली की हर्णै. हर्णै बंदर म्हणजे मासळीचा लिलाव, बर्फाची वाहने, आणि त्या वाहनांतून रस्त्यावर गळणारे पाणी. या पाण्यात मासळीचे तेल असते आणि वळणावर सायकल घसरते. आमच्यापैकी एकीचा गुडघा तिथे फुटला. जवळच्या कोळीण मावशींनी हळद लावली, चहा पाजला आणि कुठल्या गावच्या म्हणून चौकशी केली. जखमेपेक्षा त्या चौकशीलाच जास्त वेळ लागला.

पुढे पाळंदे, सालदुरे, मुरूड, कर्दे. हे पर्यटकांचे किनारे. इथे चहा आहे, नाश्ता आहे, बहुतेक घरांवर निवास-न्याहारीची पाटी आहे. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. कर्वे तरुणपणी एका परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, घाट चढून, शंभराहून जास्त मैल. तिथे पोहोचल्यावर त्यांचे वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. त्याच माणसाने पुढे १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. ही हकिगत आम्ही शाळेत शिकलो होतो. पण मुरूडच्या रस्त्यावर सायकल धरून उभे राहिल्यावर तिचा अर्थ वेगळा लागला. शाळा काढणे ही एक गोष्ट आणि शाळेपर्यंत पोहोचणे ही दुसरी. दुसरीचा विचार फार कमी लोक करतात.

लाडघर, बुरोंडीनंतर रस्ता वर सड्यावर जातो. जांभ्याचा उघडा सडा, ना झाड ना घर. इथे मैलोन्मैल पाण्याचा नळ दिसला नाही. एका फाट्यावर आमच्या सायकलीचे चाक बसले. त्याच वेळी पुण्याची दोन मुले मागून आली. त्यांच्याकडे हातपंप होता, पण तो त्यांच्या ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हला बसणारा. आमच्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा. ती मुलेही हळहळली. म्हणाली, "खाला, आमचीही इथे हीच अडचण होते. गावातल्या दुकानातल्या पंपाने आमच्या चाकात हवा भरता येत नाही." शेवटी एका मोटरसायकलवाल्याने सायकलीचे चाक काढून पुढच्या गावी नेले आणि पंक्चर काढून आणले. पैसे घेतले नाहीत.

दाभोळला खाडीवर फेरीबोट आहे. ती नसती तर इथून समोर दिसणाऱ्या गुहागरच्या किनाऱ्यावर जायला खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर वळसा घालावा लागतो. फेरीबोटीत सायकल चढवता येते, धोपाव्याला उतरता येते. जेट्टीजवळच आदिलशाही काळातली, सतराव्या शतकातली शाही मशीद आहे. तिथे वुजूसाठी पाणी आहे, बसायला सावली आहे. जेट्टीवर बायकांसाठी स्वच्छतागृह मात्र जसे हवे तसे नव्हते. किनाऱ्याच्या सगळ्या प्रवासात आम्हाला सर्वांत जास्त अडचण याचीच झाली. पुरुष झाडाआड जातो. आम्ही सकाळी निघताना पाणी कमी प्यायचो आणि दुपारी डोके दुखत परत यायचो. सायकलवाल्यांसाठी सोयी म्हटल्या की लोकांना रंगीत पट्ट्यांचे मार्ग आठवतात. आमच्या यादीत पहिली ओळ स्वच्छतागृहाची आहे.

यादी म्हणालो, कारण घरी आल्यावर आम्ही वहीत खरोखरच यादी केली. कुठे पाणी, कुठे सावली, कुठे पंक्चर निघते, कुठे वळणावर समोरचे दिसत नाही, कुठे साइडपट्टी खचली आहे. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. डांबराची कडा आणि बाजूची माती यांच्यात पावसाने वीतभर खोल पायरी पडते. ट्रक आला म्हणून सायकल खाली घ्यावी तर चाक त्या पायरीवरून घसरते. म्हणजे धोका जितका ट्रकचा, तितकाच त्या वीतभर पायरीचा. आमच्या कॉलेजच्या सात किलोमीटरांत अशा अकरा जागा निघाल्या. तीन वळणांवर झुडपे इतकी वाढली होती की समोरून येणारे वाहन दहा पावलांवर आल्याशिवाय दिसत नव्हते. कुवेतला ही यादी वाचून दाखवली तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग विचारणा झाली, "यातले गावाच्या हातात काय काय आहे?"

काळजीची अशी यादी झाली की तिच्यातली काही कामे आपोआप दिसू लागतात. ग्रामसभेत आम्ही ती वाचली. बायका ग्रामसभेत येतात, पण बोलतात कमी. त्या दिवशी नणंद बोलली. झुडपे तोडायचे काम मोहल्ल्यातल्या आणि वाडीतल्या मुलांनी एका रविवारात केले. साइडपट्टीच्या अकरापैकी चार जागी खाणमालकाने स्वतःहून जांभ्याचे तुकडे आणि माती टाकून दाबून दिली. सकाळी सात ते आठ आणि दुपारी साडेबारा ते दीड या वेळेत भरलेला ट्रक सोडायचा नाही, असे त्यांच्या चालकांनी मान्य केले. वाटेतल्या किराणा दुकानात पंप, दोन ट्यूब आणि पाने ठेवले आहेत. दुकानाच्या मागचे स्वच्छतागृह मुलींना वापरू देण्याचे दुकानदारीणबाईंनी कबूल केले. उरलेल्या सात जागांचा अर्ज रस्ता ज्या खात्याकडे आहे त्याच्याकडे दिला आहे. पोच मिळाली, काम अजून झालेले नाही. आम्ही दर महिन्याला विचारतो.

वाचकहो, सायकलीने मुलींच्या शिक्षणात फरक पडतो, हे केवळ आमच्या मोहल्ल्याचे म्हणणे नाही. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केला. माध्यमिक शाळेतल्या मुलींच्या प्रवेशात ३२ टक्के वाढ झाली आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता चळवळीने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. हजारो खेडवळ बायका सायकलवर बसल्या, त्यांत मुस्लिम बायकाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. तिथला मुलूख बराचसा सपाट, हे खरे. आमचा डोंगराळ. पण चढ ढकलत न्यायचा असतो, एवढाच फरक.

आता किनाऱ्याविषयी एक मोठी गोष्ट. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुले यांचे स्वप्न होते. मुख्यमंत्री असताना त्यांनी त्याला चालना दिली. इतकी वर्षे तो तुकड्या-तुकड्यांनी होत राहिला. आता खाड्यांवर मोठे पूल बांधण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. पूल झाले की बाळंतीण वेळेवर इस्पितळात पोहोचेल, मासळी लवकर बाजारात जाईल. आम्हाला पूल हवेतच. पण रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेगही वाढतो. आज ज्या आडे-पाडले रस्त्यावर आम्ही गप्पा मारत सायकल चालवली, तिथे उद्या रस्ता ओलांडणेही अवघड होईल. पुलांवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यासाठी वेगळी, कठडा असलेली पट्टी ठेवायची असेल, तर ती पूल कागदावर असतानाच मागावी लागते. पूल बांधून झाल्यावर त्याला नंतर पट्टी जोडणे अवघड जाते. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्ग कसे आखावेत याची मार्गदर्शक पुस्तिका १९६२ मध्येच काढली होती. म्हणजे मागणी नवी नाही, नियमातली आहे.

आणि सगळेच काम खर्चाचे नसते. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतातली एक गोष्ट आहे. तिथल्या ह्यूगो बोलेन या खाणीच्या इंजिनिअरला सायकल मार्गांसाठी एक साधी कल्पना सुचली. प्रत्येक चौकाला एक क्रमांक द्यायचा, आणि पाटीवर पुढच्या चौकाचा क्रमांक आणि बाण लावायचा. सायकलवाल्याने चार-पाच आकडे कागदावर लिहून घेतले की खेड्यापाड्यांतल्या शांत रस्त्यांवरून तो न चुकता फिरतो. १९९५ मध्ये तिथे हे जाळे सुरू झाले आणि मग आजूबाजूच्या देशांत पसरले. नवे रस्ते बांधायची गरज पडली नाही, होते तेच रस्ते जोडले गेले. आमच्या तालुक्यात मोठ्या रस्त्याला समांतर असे वाडीतले, बागेतले किती तरी जुने रस्ते आहेत. त्यांच्या फाट्यांवर क्रमांक लागले, खाली पाण्याचा आणि पंक्चरवाल्याचा उल्लेख आला, तर पुण्याचा पाहुणाही महामार्ग सोडून आत येईल. तो आत आला की कोणाच्या तरी ओसरीवर घावन खाईल, रात्री मुक्काम करील. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन घरांनी निवास-न्याहारीसाठी खोली तयार केली आहे. त्यांनी अंगणात सायकल धुण्याचा नळ आणि रात्री सायकल आत ठेवायला जागा केली आहे. शिवाय दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना चालणारा पंप आणला आहे. खर्च फार नाही. पाहुण्याला हेच हवे असते.

पाऊस हा आमचा नाइलाज आहे. जून ते सप्टेंबर इथे सायकल चालवणे शहाणपणाचे नाही. या तालुक्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रस्त्यावर शेवाळ येते, दरडीची माती खाली उतरते. त्या चार महिन्यांत एस.टी.चीच वाट पाहावी लागते. म्हणून परतीच्या गाडीची वेळ एक वाजता करावी, हा अर्जही आम्ही दिला आहे. सायकल आणि एस.टी. एकमेकींच्या बहिणी आहेत. एकीचे काम दुसरीने पूर्ण करायचे.

या ऑक्टोबरपासून आमच्या मोहल्ल्यातल्या आणि वाडीतल्या मिळून पाच मुली सायकलने कॉलेजला जातात. एका रांगेत चालतात, सर्वांत सावकाश चालवणारी पुढे असते. पहिले दोन आठवडे आमच्यापैकी एक जण त्यांच्या मागे असायची. आता गरज पडत नाही. सहावी मुलगी अजून घरी आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की साइडपट्टीच्या उरलेल्या सात जागा झाल्या की पाठवतो. आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनी जागा मोजल्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. त्यांनी आता आमच्या अर्जावर सहीही केली आहे. पुढच्या महिन्यात अर्जाची चौकशी करायला कचेरीत जाऊ, तेव्हा तेही आमच्याबरोबर येणार आहेत.

आपल्या गावातही असे सात किलोमीटर असतील. वाचक भगिनींना एवढेच सांगणे आहे की मुलीला पाठवायचे की नाही याचा निर्णय घेण्याआधी एकदा तो रस्ता स्वतः सायकलने किंवा पायी जाऊन पाहा आणि हातात वही ठेवा. अल्लाह आपल्या मुलींना इल्मची वाट सोपी करो. त्या वाटेवरची झुडपे मात्र आपणच तोडायची आहेत.